किलोमागे वीस मिलिग्रॅम : कोडाईकनालच्या पाराग्रस्त जमिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

तामिळनाडूतल्या पलनी डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर कोडाईकनाल वसले आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे थर्मामीटरचा कारखाना आला. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउन गावचा कारखाना उचलून तो इथे मांडला गेला. पारा बाहेरून यायचा आणि तयार थर्मामीटर बहुतांशी परदेशी जायचे. १९८७ मध्ये मूळ कंपनी एका बहुराष्ट्रीय समूहाकडे गेली आणि कारखानाही त्यांच्याकडे आला. कंपनी आणि व्यक्ती यांची नावे इथे घेतलेली नाहीत. कोण दोषी हा या लेखाचा विषय नाही; माहिती अपुरी असताना जमिनीबद्दलचे निर्णय कसे झाले, हा आहे.

मार्च २००१ मध्ये गावातल्या एका भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेल्या फुटक्या काचेचे कित्येक टनांचे ढीग लोकांना सापडले. मोर्चा निघाला आणि त्याच महिन्यात कारखाना बंद झाला. २००३ मध्ये काच, गाळ आणि पारा मिळून २९० टन माल जहाजाने अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला पुनर्प्रक्रियेसाठी रवाना झाला. दिसणारा कचरा असा गेला. उरली माती.

कारखान्याची जागा डोंगराच्या धारेवर आहे. मागचा उतार थेट पांबार शोला या दाट जंगलात उतरतो आणि तिथले पाणी ओढ्यांतून खाली मैदानाकडे, वैगई नदीच्या खोऱ्यात जाते. पर्यटकांचा आवडता कोडाई तलाव दुसऱ्या अंगाला आहे. पण पारा हवेतूनही जातो, त्यामुळे पाण्याची वाट वेगळी आहे एवढ्यावरून तलाव वगळता येत नव्हता.

अडचण

प्रश्न वरकरणी सोपा होता : मातीत किती पारा राहिला तर चालेल? दूषित जमिनीसाठी भारतात तेव्हा मातीचे राष्ट्रीय निकषच नव्हते. त्यामुळे आकडा बाहेरून उसना घ्यायचा, नाहीतर त्या जागेपुरता नव्याने काढायचा. दोन्ही वाटांवर अनिश्चितता होती आणि ती एकाच प्रकारची नव्हती. पुढची बरीचशी वर्षे वादात गेली त्याचे मूळ, माझ्या मते, इथे आहे.

पहिली अनिश्चितता : किती पारा बाहेर पडला? यासाठी ताळेबंद मांडतात. खरेदी केलेल्या पाऱ्यातून विकलेल्या थर्मामीटरमधला पारा वजा करायचा, मग भंगारातला आणि गाळातला. उरेल तो हवा, पाणी, माती यांत गेला असे धरायचे. साध्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. लाखो थर्मामीटरचा हिशेब करताना प्रत्येकी दहा टक्क्यांची चूक झाली, तरी टनांच्या खरेदीवर शेकडो किलोंचा फरक पडतो. म्हणजे जो आकडा शोधायचा, तो मोजमापातल्या चुकीएवढाच. कंपनीचे आणि विरोधकांचे ताळेबंद एकमेकांशी जुळले नाहीत यात नवल नव्हते.

दुसरी अनिश्चितता मातीच्या नमुन्यातच आहे आणि ती समजून घ्यायला एक हिशेब पुरतो. धातुरूप पारा मातीत साखरेसारखा विरघळून पसरत नाही, त्याचे थेंब राहतात. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब घ्या. त्याचे वजन सुमारे ७ मिलिग्रॅम भरते. हा एकच थेंब एक किलो मातीत असेल तर त्या मातीची खरी पातळी झाली किलोमागे ७ मिलिग्रॅम. प्रयोगशाळा मात्र किलोभर माती तपासत नाही. आम्लात विरघळवायला तिला ग्रॅम-अर्धा ग्रॅम माती पुरते. त्या एक ग्रॅमच्या चिमटीत थेंब आला तर उत्तर येईल ७,०००. नाही आला तर शून्याच्या आसपास. माती तीच, पिशवी तीच, यंत्रही बिनचूक, आणि दोन उत्तरांत हजारोंचा फरक. शिवाय माती नेहमीच्या पद्धतीने ओव्हनमध्ये वाळवली तर पारा उडून जातो आणि अहवालात जमीन आहे त्याहून स्वच्छ दिसते. म्हणून असे नमुने काचेच्या घट्ट बरणीत, थंड ठेवून न्यावे लागतात आणि ओलावा वेगळ्या नमुन्यावर मोजून हिशेबात धरावा लागतो. एखाद्या बोअरचा निकाल १५ आला आणि शेजारचा ४०० आला, तर त्यात प्रदूषणाचा नकाशा किती आणि थेंबांचा योगायोग किती, हे सांगायला त्याच ठिकाणचे अनेक नमुने लागतात.

तिसरी अनिश्चितता सर्वांत महत्त्वाची : पारा कोणत्या रूपात आहे? इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २००९ मध्ये निवासी जमिनीसाठी मार्गदर्शक मूल्ये दिली. धातुरूप पाऱ्यासाठी किलोमागे १ मिलिग्रॅम, पाऱ्याच्या अकार्बनी क्षारांसाठी १७०, मिथाइल पाऱ्यासाठी (सूक्ष्मजीवांमुळे तयार होणारे पाऱ्याचे सेंद्रिय रूप) ११. देश तोच, घरामागची बाग तीच, आणि एकाच मूलद्रव्यासाठी १ पासून १७० पर्यंत मूल्ये. कारण धातुरूप पाऱ्याची वाफ जमिनीतून घरात शिरते आणि फुप्फुसांतून सहज रक्तात जाते. क्षार मुख्यतः माती पोटात गेली तरच बाधतात आणि आतड्यांतून त्यांचा थोडाच भाग शोषला जातो. थर्मामीटरच्या कारखान्यातून बाहेर पडला तो धातुरूप पारा. पण वीस-पंचवीस वर्षांत हवा, पाऊस आणि मातीतला कुजका पाला यांच्या संगतीने त्यातला काही भाग रूप बदलतो. किती बदलला, हे नुसता ‘एकूण पारा’ मोजून कळत नाही.

चौथी अनिश्चितता पाण्याबरोबर खाली जाणाऱ्या गाळाची. हवा न खेळणाऱ्या चिखलात सूक्ष्मजीव पाऱ्याचा मिथाइल पारा करतात, तो माशांत साठत जातो. जागेवरच्या माणसाला सुरक्षित वाटणारी पातळी खालच्या ओढ्यातल्या माशाला सुरक्षित असेलच असे नाही.

पाचवी अनिश्चितता विज्ञानाची नाहीच : या जमिनीवर पुढे काय होणार? जंगल, बंगले, हॉटेल, की कुंपण घातलेली मोकळी जागा?

वीसचा आकडा

जागेपुरता निकष काढण्याचे काम नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आले. निकष ठरला किलोमागे २० मिलिग्रॅम.

असे निकष उलट्या बाजूने काढतात. माणसाला रोज किती मात्रा चालते हे आधी धरायचे आणि त्यावरून मातीतली पातळी मागे काढत यायची. या पद्धतीचा गाभा कागदावर मांडता येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पाऱ्याच्या क्षारांसाठी धरलेली सुरक्षित मात्रा आहे रोज शरीराच्या किलोमागे ०.०००३ मिलिग्रॅम. मूल १५ किलोचे धरा. मूल खेळताना दिवसाला २०० मिलिग्रॅम माती पोटात घेते असे धरा. १५ किलोच्या मुलाला रोज ०.००४५ मिलिग्रॅम पारा चालेल. तेवढा पारा २०० मिलिग्रॅम मातीतून यायचा तर मातीत किलोमागे २२.५ मिलिग्रॅम पारा हवा. झाला निकष.

आता यातले काय हलते ते बघा. मूल १० किलोचे धरले की उत्तर १५. माती १०० मिलिग्रॅम धरली की ४५. आणि पारा क्षाररूपात नसून धातुरूपात आहे, वाफ श्वासातून जाते असे धरले, तर हे समीकरणच लागू पडत नाही, दुसरे घ्यावे लागते. म्हणून २० हा आकडा चूक आहे असे मी म्हणत नाही. प्रश्न तो कोणत्या पाऱ्यासाठी, कोणासाठी आणि कोणत्या वाटेसाठी आहे हा आहे. आकडा एकटा बाहेर आला, त्याची ही जोडपत्रे चर्चेत मागेच राहिली.

समोर असलेले पर्याय

स्थानिक लोक आणि पर्यावरण कार्यकर्ते यांची मागणी होती की जमीन मूळ नैसर्गिक पातळीला, म्हणजे किलोमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅमला आणावी. त्यांच्या हिशेबाने २० ही पातळी त्याच्या दोनशेपट होती. त्यांचा दुसरा मुद्दाही वजनदार होता : ज्या समूहाची मुळे इंग्लंडमध्ये आहेत, त्याने तिथल्या बागेला १ आणि इथल्या डोंगराला २० का लावावे?

मधला पर्याय उसन्या निकषांचा. नेदरलँड्सचे जुने हस्तक्षेप मूल्य, म्हणजे जी पातळी ओलांडली की जमिनीवर उपाय करण्याचा प्रश्न येतो ती, १० होते. कॅनडाचे निवासी जमिनीचे मूल्य ६.६ आहे. पण नेदरलँड्सने पुढे अकार्बनी पाऱ्यासाठी ते ३६ पर्यंत वर नेले आणि सेंद्रिय पाऱ्यासाठी ४ ठेवले. म्हणजे उसना आकडाही स्थिर नाही, त्या-त्या देशाची गृहीतके बदलली की तोही बदलतो.

तिसरा पर्याय २० चा निकष धरून माती धुण्याचा. दूषित माती खणायची, पाण्याने धुऊन जाड खडा-वाळू वेगळी करायची. पारा बारीक मातीत गोळा होतो. ती भट्टीत तापवून पारा वाफेच्या रूपात काढून परत मिळवायचा. जे साफ होणार नाही ते सुरक्षित भूभरावात.

चौथा पर्याय फारसा बोलला गेला नाही : कमी दूषित भाग न खणता झाकून, बांध घालून, जागेवरच धरून ठेवणे.

निकष जितका कडक तितके खोदकाम जास्त, हे सगळ्यांना मान्य होते. पण ही जागा सपाट नव्हती. तीव्र उतार, वरून झाडे, खाली शोला. झाडे काढून माती मोकळी केली आणि ईशान्य मान्सूनचा मोठा पाऊस आला, तर जी माती मुळांनी धरून ठेवली आहे ती पाऱ्यासकट पांबारमध्ये जाईल. कडक निकष आपोआप सुरक्षित असतो, ही समजूत इथे लागू पडत नव्हती. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ‘झाडे वाचवायची आहेत’ हे कारण खर्च वाचवण्यासाठीही सहज पुढे करता येते, आणि लोकांना तीच शंका होती. शंका दूर करायला एकच मार्ग होता : झाडवार, उतारवार हिशेब उघडा मांडणे. अमुक पट्ट्यात १० ला गेलो तर इतकी झाडे जातील आणि इतकी माती सुटेल. २० ला थांबलो तर इतका पारा मागे राहील. एक आकडा सबंध जागेला लावण्याऐवजी पट्टा पाहून निर्णय.

काय केले गेले

सर्वोच्च न्यायालयाची घातक कचऱ्यावरची देखरेख समिती २००४ मध्ये प्रकरणात आली. पुढे कारखान्यातली यंत्रे साफ करून हलवली गेली, माती धुण्याची पूर्वतयारी सुरू झाली, आणि निकषावरच्या आक्षेपांमुळे काम थांबले. मग नव्याने अभ्यास : निकषासाठी आयआयटी दिल्ली, माती आणि झाडांसाठी इतर संस्था. निष्कर्ष पुन्हा २० च्या आसपासच आला. दरम्यान ओढ्यांवर गाळ अडवायला बांध घातले गेले. २०१५ मध्ये या विषयावरची एक गाण्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीने तडजोड केली. कामगारांचा प्रश्न आणि मातीचा प्रश्न मात्र वेगवेगळ्या रुळांवरून चालला. तडजोडीने मातीतला एक मिलिग्रॅमही हलला नाही.

परिणाम

प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. २० हाच निकष टिकला आणि चाचण्यांनंतर माती धुण्याचे काम त्याच निकषावर हाती घेतले गेले. पण कारखाना बंद झाला २००१ मध्ये; माती स्वच्छ करण्याचे खरे काम सुरू व्हायला दीड दशकाहून अधिक काळ गेला. इतके पावसाळे त्या उतारावरून वाहून गेले. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ते हे. निकष ठरेपर्यंत थांबणे हाही एक निर्णयच असतो. त्याची जोखीम कुणी मोजली नाही, कारण अहवालांत ‘काहीच न करणे’ हा खर्च नसलेला रकाना असतो. इथे तो रकाना रिकामा नव्हता. त्यात गाळ होता.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

एक : आकड्याच्या आधी रूप. सुरुवातीच्याच वर्षी जागेचे पाच-सहा पट्टे पाडून प्रत्येकातल्या पाऱ्याची रूपे तपासली असती आणि मातीच्या वर, दुपारच्या उन्हात व पहाटेच्या थंडीत, वाफ मोजली असती, तर १ विरुद्ध १७० हा वाद बराचसा प्रयोगशाळेतच मिटला असता. या तपासण्या महाग आहेत, पण वर्षानुवर्षांच्या खटल्याहून स्वस्त. अनिश्चिततेचे दोन ढीग करायचे असतात : खणून-मोजून कमी होणारी एका बाजूला, मोजून कमी न होणारी दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगावर चर्चा करत बसू नये, आणि दुसऱ्यावर आणखी एक अभ्यास मागवू नये.

दोन : जागेबाहेरचा धोका वेगळा हाताळणे. गाळ अडवण्यासाठी २० की १० हे ठरायची गरज नव्हती. उतारावरची उघडी माती झाकणे, पाणी वळवणे, गाळाचे बांध वेळोवेळी उपसणे आणि उपसलेला गाळ सुरक्षित ठेवणे हे कोणत्याही निकषाखाली करावेच लागले असते. ‘कोणतेही उत्तर आले तरी उपयोगी’ अशी कामे शोधून ती पहिल्या पावसाळ्याआधी उरकणे, ही अनिश्चिततेत काम करण्याची पहिली पायरी आहे. इथे ती निकषाच्या वादामागे राहिली.

तीन : नमुन्याची वाटणी. अभ्यासाचा खर्च कंपनी करत होती, म्हणून निकालांवर विश्वास नव्हता. कार्यकर्त्यांचे नमुने कंपनी मानत नव्हती. करायला हवे होते ते असे : खोदताना कंपनी, कार्यकर्ते आणि शासन हे तीनही पक्ष हजर, एकाच ठिकाणची माती नीट कालवून तीन बरण्यांत, तीन प्रयोगशाळांकडे, आणि सगळे निकाल कच्च्या स्वरूपात लोकांपुढे. थेंबांमुळे निकाल जुळणार नाहीत, हे आधीच सांगायचे आणि किती फरक पडला तर तो नैसर्गिक मानायचा हेही आधीच लिहून ठेवायचे. नाहीतर पहिला न जुळणारा निकाल आला की ‘खोटेपणा’ हा शब्द निघतो आणि तिथून परत फिरता येत नाही.

चार : निकषाला वापराची अट. २० हा आकडा जमिनीच्या एका ठरावीक वापराशी बांधलेला असतो. तो वापर बदलला तर आकडा फिरून तपासायला हवा. ही अट अहवालाच्या शेवटच्या पानावर राहून चालत नाही, ती जमिनीच्या कागदावर यावी लागते. आपल्याकडे ठाणे, भांडुप, कुर्ला पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. अशा जमिनीबाबत मी असा आग्रह धरीन की उरलेल्या प्रदूषणाची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात किंवा मालमत्ता पत्रकावर झाली पाहिजे, म्हणजे वीस वर्षांनी तळघर खणणाऱ्याला ती वाचता येईल. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जागा शोधणे, तपासणे, स्वच्छ करणे आणि प्रदूषकाकडून खर्च घेणे यांची चौकट त्यामुळे आता देशात आहे. कोडाईकनालला ती २००१ मध्ये मिळाली नाही.

पाच : कोण काय ठरवणार. सुरक्षित मात्रा किती, वाफ किती, गाळ कुठे जातो, हे तज्ज्ञांनी सांगायचे. झाडे तोडून अधिक स्वच्छ जमीन हवी, की झाडे राखून थोडा पारा मागे ठेवलेला चालेल, हे तिथल्या माणसांनी ठरवायचे. ही निवड तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवली की ती आकड्याच्या आड लपते आणि लोक मग आकड्याशी भांडत राहतात. पट्टावार हिशेब हातात घेऊन गावापुढे बसले असते, तर कदाचित काही पट्टे १० ला, काही २० ला आणि एखादा उभा उतार न खणता झाकून ठेवायला लोकांनीच मान्यता दिली असती.

सहा : काम संपल्यावरची देखरेख. माती २० ला आली याचा दाखला मिळाला तरी पांबारच्या गाळात आधीच गेलेला पारा तिथेच आहे. ओढ्यावर ठरावीक ठिकाणे निश्चित करून ईशान्य मान्सूनच्या आधी आणि नंतर गाळातला एकूण पारा, मिथाइल पारा आणि माशांतला पारा मोजायला हवा. त्याहून महत्त्वाचे, कोणती पातळी ओलांडली तर काय करायचे आणि त्याचे पैसे कोण देणार, हे मोजणी सुरू होण्याआधी लिहून, सही करून ठेवायला हवे. पातळी ओलांडल्यावर ही चर्चा सुरू केली तर ती पुन्हा कित्येक वर्षे चालेल, आणि खाली मैदानात त्याच ओढ्यांचे पाणी वापरणाऱ्या गावांना या वादात आजवर कुणी नीट बोलावलेलेही नाही.